तव्याशेजारचं भगुणं

मी भगुणं बोलतंय. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, बारा माणसांच्या मटणाचं, एका कानाला पोचा आलेलं. माण तालुक्यात, दहिवडीपासून आत, तलावाच्या वरच्या अंगाला आप्पासोंची वस्ती आहे. तिथल्या ओट्यावर मी पालथं पडलेलं असतं. माझ्याशेजारी एक बिडाचा तवा उभा टेकवलेला असतो. तो मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतं, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा गोंधळ व्हायला नको.

आप्पासोंनी मला म्हसवडच्या यात्रेत घेतलं, त्याला एकतीस वर्षं झाली. माझ्या बुडावर बोटानं टिचकी मारून त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे टिकंल." पुढं त्यांची मेंढरं गेली, शेळ्या आल्या, पोरगा धनाजी मुंबईला कामाला लागला. मी टिकलं.

या घरात मटण बायका करत नाहीत. रविवारी आप्पासो स्वतः अंगणात तीन दगड मांडतात. काजळी धरू नये म्हणून माझ्या बुडाला ओल्या मातीचा लेप देतात. मग कांदा, भाजलेलं खोबरं, त्यांच्या कारभारणीनं, बनाबाईंनी कुटलेला येसूर मसाला, आणि वरून झाकणात पाणी. ते पाणी कोमट झालं की आत ओतायचं, झाकणात पुन्हा गार भरायचं. दीड-दोन तास ते माझ्यासमोर उकिडवे बसायचे. एवढा वेळ त्यांनी बनाबाईंनाही कधी दिला नसेल. बनाबाई तसं म्हणायच्याही, आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

चार वर्षांपूर्वी कालव्याचं पाणी आलं आणि आमचा कोरडा तलाव भरला. पाण्याबरोबर चिलापी आली, मरळ आली, बांधाच्या दगडांत काळे खेकडे आले. आमच्या माणसांनी तोवर मासा पाहिला होता तो बाजारात, सुकलेला. शेजारचा जोतिबा जाळं विकत घेऊन आला आणि दोन महिन्यांत मासेमारीतला जाणता झाला.

त्याच वर्षी धनाजीचं लग्न झालं. सून अपेक्षा भिलवडीकडची, कृष्णाकाठची. माहेरून येताना तिनं तवा आणला. काळा, जड, तेल पिऊन चकाकणारा. बनाबाईंनी विचारलं, "भाकरीचा का गं?" ती म्हणाली, "न्हाई आत्ती, माशाचा." तिच्या तोंडून तो शब्द असा आला, जसा दुसरी कुणी सून माहेरच्या माणसाचं नाव घेईल.

पहिला मासा घरात आला तो जोतिबानं दिलेला, हातभर लांब मरळ. आप्पासोंनी जोतिबासकट तिघांना जेवायला सांगितलं आणि मला लेप दिला. म्हणजे मासा माझ्यात होणार! मी उभ्या उभ्या तव्याकडे पाहून घेतलं.

अपेक्षा दारातून हळूच म्हणाली, "मामा, रस्सा उकळल्यावर मासा सोडा. पाच मिंटं बास हुतील." सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"मटान कोण करतं ह्या घरात?" आप्पासोंनी विचारलं. ती आत गेली.

त्यांनी मरळीचे तुकडे तेलात परतले, झाकणात पाणी ठेवलं आणि सव्वा तास शिजवलं. मध्ये मध्ये पळीनं तळापासून ढवळलं. मासा पाचव्या मिनिटाला झाला होता, हे मला आतून कळत होतं. पण सून खरी ठरेल, तवा खरा ठरेल, या विचारानं मला वाटलं, शिजू दे, आपल्याकडे काहीही शिजतं. झाकण काढलं तेव्हा आत तिखट पेज होती आणि पेजेत काटे.

जोतिबानं ताटलीत दोनदा बोट फिरवलं. "आप्पा, मासा कुठं हाय? का गेला पोहत परत तलावात?"

सगळे हसले. आप्पासोही हसायला गेले आणि त्यांच्या घशात काटा अडकला. कोरड्या भाकरीचे गोळे गिळून गिळून तो खाली गेला. पाणी पिऊन ते म्हणाले, "आजपास्नं ह्या घरात मासा न्हाई. पाण्यातलं पाण्यात ऱ्हाऊ द्या."

अपेक्षानं तवा पुसला, कागदात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. त्या रविवारी माझ्या अंगाला माशाचा वास येत होता, तरी मी खूश होतं.

तीन वर्षं बरी गेली. मग या पावसाळ्यात अपेक्षाला दिवस गेले आणि तिच्या पोटात काही राहीना. भाकरी खाल्ली की उलटी, भात खाल्ला की उलटी. धनाजी मुंबईहून रोज फोन करायचा आणि ती रोज म्हणायची, "खाल्लं की." तिसऱ्या महिन्यात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दहिवडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवड्यात वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, बाळालाही पुरत नाहीये. तिच्या आईचा निरोप आला, आम्ही न्यायला येतो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आप्पासोंनी मला चुलीवर चढवलं. सुनेला ताकद येईल म्हणून मुद्दाम कोवळ्या बोकडाचं मटण आणलं होतं. खोबरं परतलं, वास सुटला, आणि अपेक्षा तोंडावर पदर दाबून मागच्या दारी पळाली. रिकाम्या पोटी ओकण्याचा आवाज फार वाईट असतो.

बनाबाई बाहेर आल्या. "आवं, उतरवा ते भगुणं. त्याच्या वासानंच तिला मळमळतंय."

त्याच्या म्हणजे माझ्या. एकतीस वर्षं ज्या वासानं वस्तीवरची पोरं धावत आली, त्या वासानं!

"मग खाणार काय ती?" आप्पासो म्हणाले. "इचारलं का तिला?"

"इचारलं. ती सांगंना. लय खोदून इचारलं तवा म्हणाली, आत्ती, ह्या घरात ते चालत न्हाई."

आप्पासोंना कळायला वेळ लागला नाही.  त्यांनी मला उचललं, अर्ध्या कच्च्या मटणासकट जोतिबाच्या दारात नेलं आणि म्हणाले, "हे तुझ्या घरात शिजव. मला मासा दे. ताजा दे, सकाळचा."

"कुणासाठी?"

"तुला काय करायचंय?"

जोतिबानं मान खाली घालून हसू लपवलं, पण मटण आपल्या भांड्यात काढून घेतलं, चार चिलाप्या दिल्या, वर आठ खेकडे, आणि मला रिकामं परत केलं. आप्पासोंनी घरी येऊन स्वतः माळ्यावरून तवा काढला. बनाबाईंनी अपेक्षाला ओट्यावर बाज टाकून दिली.

"तू उठू नगं," आप्पासो तिला म्हणाले. "तिथनंच सांग. मी करतो."

हे वाक्य मी याआधी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कुणासाठीच नाही.

ती आधी लाजली, मग सांगायला लागली. खवले शेपटाकडून डोक्याकडे खरवडायचे. मीठ आणि ज्वारीचं पीठ चोळून धुवायचं, बुळबुळीतपणा जातो. दोन्ही अंगांना तीन तीन चिरा द्यायच्या. हळद, मीठ, चिंचेचा कोळ लावून ठेवायचं. लसूण, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर पाट्यावर वाटून चिरांत भरायची. "आमच्याकडं हळदीच्या पानात गुंडाळून पन भाजत्यात," ती म्हणाली. तिचा आवाज जरा मोकळा झाला होता. "वरनं तांदळाचं पीठ लावायचं, मामा."

"तांदूळ संपलाय. ज्वारीचं चालंल का?"

"चालंल."

तव्यावर करडईचं तेल तापलं. मासा पडला आणि असा काही चुरचुरला, की गोठ्यातल्या शेळ्यांनीही कान टवकारले. आप्पासोंचा हात लगेच उलथन्याकडे गेला.

"मामा, हात न्हाई लावायचा."

"करपंल की गं."

"न्हाई करपत. त्यो आपनहून सुटला की मग उलटायचा. तवर बसायचं."

ते बसले. तव्यासमोर, उकिडवे, डोळे न हलवता. माझ्यासमोर बसायचे तसेच. मी अंगणातून पाहत होतं आणि माझं बूड विस्तवाशिवाय तापलं होतं.

एव्हाना जोतिबाही बघायला येऊन बसला होता. बनाबाईंनी मला घासून खेकडे माझ्यात करायला घेतले, गोठ्यापलीकडे, वास बाजेपर्यंत जाणार नाही अशा बेतानं. बारीक पाय कुटून, त्यांचं पाणी फडक्यातून गाळून रश्शात घातलं. नांग्या नुसत्या ठेचल्या. कवट्यांत बेसन भरून त्या दोऱ्यानं बांधल्या. खेकडा गरम असतो, पोटुशीनं खाऊ नये, म्हणून हा रस्सा बाकीच्यांसाठी. तो चांगला झाला. आजवरचा माझा सगळ्यात चांगला रस्सा असेल, हे मी ज्याचं त्याला देऊन सांगतं.

पण कुणी पाहिलं? अपेक्षानं चिलापीचा पहिला घास काट्यापासून सोडवला आणि सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. तिनं गिळला. थोडी थांबली. दुसरा घेतला. चतकोर भाकरी संपली, अर्धी संपली. बनाबाई मागच्या दाराकडे बघत होत्या, ती आता पळेल, आता पळेल. ती पळाली नाही.

"अजून एक हाय का, मामा?" तिनं विचारलं.

आप्पासो उठले. डोळे पुसले, धूर गेला असं म्हणाले. चुलीत तेव्हा धूर नव्हता.

माझा रस्सा जोतिबानं वरपला. आप्पासोंनीही वाटीभर घेतला, पण माझ्याकडे पाठ करून, तव्यावरचा तुकडा करपेल म्हणून तिकडे बघत. खारट आहे की अळणी, एवढंही बोलले नाहीत.

आता अपेक्षाला सातवा महिना आहे. बांगड्या मनगटावर परत आल्यात. तिच्या आईनं न्यायचा निरोप पुन्हा धाडला, तर तिनंच कळवलं की अजून थोडे दिवस राहते. रविवारी आधी तवा चढतो, मग कधी मी, कधी नाही. ती जगली, बाळ वाढतंय, हे चांगलंच झालं. तेवढं मलाही समजतं. फक्त ते माझ्यामुळं झालं असतं, तर मला जास्त आवडलं असतं.

तुम्ही कधी या वस्तीवर आलात, तर आधी तव्यावरचा मासा खा. तो उतरल्या उतरल्या खायचा असतो, गार झाला की त्याचं चामडं होतं. मग सावकाश माझ्याकडे या. मला थांबता येतं. रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. एवढी एक गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती त्या काळ्याकडे नाही.