कुस्करलेले सलगम

छापखान्याच्या जेवणघरात बावीस माणसं जेवायची आणि त्या दिवशी बटाटेवाल्याची गाडी आलीच नाही. स्वयंपाकीणबाईंचं घर दोन गल्ल्या सोडून. त्या तडक घरी गेल्या, परसातल्या वाफ्यातून सलगम उपटले आणि पोतं काखोटीला मारून तासाभरात परत आल्या. सलगम म्हणजे मुळ्याचा गोलमटोल भाऊ, वरून जांभळा, खालून पांढरा. यंदा ते असे मातले होते की घरच्यांनी त्यांचा धसकाच घेतला होता.

हाताशी वेळ कमी होता. मोठे होते त्यांच्या फोडी करून लसणावर खरपूस परतल्या. मधले कोवळे होते त्यांच्या पातळ चकत्या काढून मीठ-लिंबू लावलं. पाला वाफवला. राहिले लिंबाएवढे बारके. ते सोलत कोण बसणार? बाईंनी ते धुऊन अख्खेच कुकरमध्ये टाकले, गरम असतानाच भराभर सालं ओढली आणि लोणी-मिरपूड घालून रवीने घोटून काढले.

बारा वाजता आठ जणांची पहिली तुकडी बसली. त्यात छापील कागदांच्या घड्या घालण्याच्या टेबलावरची एक पोरगी होती, सातवा महिना लागलेली. तिला गेले कित्येक दिवस अन्नाचा वाससुद्धा नको व्हायचा. आज तिने ताट पुढे केलं.

"ताई, ते कुस्करलेलं अजून घाला ना. काय मऊ झालंय!"

बाईंनी डाव भरून वाढलं. आणि तेवढ्यात फोन वाजला. नणंद होती.

"वहिनी, वाफा तू उकरलास का गं?"

"हो, सलगम काढले. का?"

"अगं, कडेला मी फुलांचे कंद लावले होते. पांढरे, गोल, एवढे एवढेसे. तिथे आता नुसते खड्डे आहेत."

"मग? खाल्ले तर काय होतं?"

नणंद हळूच म्हणाली, "पाकिटावर लिहिलं होतं, विषारी आहेत म्हणून."

बाई मनातल्या मनात एकेक पदार्थ आठवू लागल्या. फोडी आणि चकत्या त्यांनी स्वतः चिरल्या होत्या, आतून घट्ट होत्या, त्यांची काळजी नव्हती. पण ते बारके! कंदाला कांद्यासारखे पापुद्रे असतात. सालं ओढताना हाताला पापुद्रे लागले होते का? एकदा वाटे, लागले होते. एकदा वाटे, छे, काहीतरीच. त्या मागच्या दाराकडे धावल्या. सालांची बादली रिकामी. कचऱ्याची गाडी नुकतीच येऊन गेली होती.

नाही सांगितलं तर? कदाचित काहीच होणार नाही. उगाच कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा? एवढा विचार मनात आला, आणि त्याच वेळी स्वयंपाकघराच्या जाळीतून दिसलं, की ती पोरगी ताटाची कड बोटाने पुसून खात होती.

बाई बाहेर गेल्या आणि घसा फुटेस्तोवर ओरडल्या, "थांबा! ते कुस्करलेलं कुणी खाऊ नका!"

सगळं सांगताना त्यांची जीभ अडखळत होती. मुकादम ताडकन उठला. "बाई, तुम्हाला काही अक्कल? परसातलं उपटून आणायचं हे काय घर आहे?" त्याच्याही ताटात ते होतंच. पुस्तकबांधणीवरचे काका मात्र एवढंच म्हणाले, "आधी डॉक्टरांना फोन लावा. भांडायला वेळ आहे."

डॉक्टरांनी सांगितलं, आठही जणांना नजरेसमोर ठेवा, कुणाला मळमळलं, उलटी झाली की तसेच निघून या. पोटुशीला तर लगेच आणा. रिक्षा बोलावली. बाई तिच्या शेजारी बसल्या. ती पोटावर हात ठेवून बाहेर बघत होती.

"मळमळतंय का गं?"

"मला रोजच मळमळतं, ताई. आता कुठलं कुठलं आहे ते कसं सांगू?"

दवाखान्यात तिला खाटेवर निजवलं. बाई दाराशी उभ्या राहिल्या. दर पाच मिनिटांनी छापखान्यात फोन लावायच्या. मुकादमाचं पोट दुखतंय म्हणे. मग कळलं, दुखत नाही, नुसतं गुरगुरतंय. काका ठणठणीत. बाईंच्या तोंडाला कोरड पडली होती, पण पाणी मागायचीसुद्धा लाज वाटत होती.

साडेतीन वाजता नणंद धापा टाकत आली. हातात एक जुना लोकरी मोजा.

"वहिनी, सापडले! आईने गेल्याच आठवड्यात उपटून ठेवले होते, सुकवायला. खड्डे तिचेच. या मोज्यात घालून कोळशाच्या खोलीत टांगले आणि विसरली. मी मोजून लावले होते. बारा. हे बघ, बाराच्या बारा."

बाईंनी मोजा जमिनीवर रिकामा केला आणि पुन्हा स्वतः मोजले. बारा. मग त्या तिथेच भिंतीला टेकून बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

ती पोरगी खाटेवर उठून बसली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात धार होती. "तीन तास, ताई. तीन तास मी बाळाच्या प्रत्येक लाथेची वाट बघत होते."

"चूक झाली गं."

"झालीच. पण सांगितलंत." ती पुन्हा आडवी झाली. "दुसरं कुणी गप्प बसलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून घरचं काही आणायचं नाही, असा मुकादमाने हुकूम काढला. बाईंनी मान डोलावली. घरी सासूबाई म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतंस."

आठवड्याने पोरगी जेवणघराच्या दारात घुटमळली. "ताई, दुसरं काही पोटात ठरत नाही. पिशवीभर सलगम द्याल?"

बाईंनी संध्याकाळी पिशवी भरून दिली. एकूण एक सलगम त्यांनी मधोमध कापला होता.