नीलाच्या लेकीचं नाक

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरी कोरड्या. मी, पार्वती सोनकांबळे, मूळची कंधारची, किल्लारीजवळच्या एका गावात सरकारी नर्स होते.

रत्नम्माची लेक नीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ घरीच झालं, तेही लई अडून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तर रत्नम्मा कोमट तेलाची वाटी घेऊन बसलेली. नातीचं नाक डावीकडं वाकलं होतं.

"दोन दिस तेल लावून ओढलं की सरळ हुतंय, सिस्टर. माझंबी असंच केलंतं."

मी तिच्या नाकाकडं पाहिलं. ते उजवीकडं झुकलेलं होतं.

तेवढ्यात नीलानं बाळाला पाजायला घेतलं. दोन घोट घेतले की पोर पिणं सोडी, ओठांभोवती निळी पडे. रडली की पुन्हा लाल. मी चपापले. नवं बाळ नाकानंच श्वास घेतं. दूध पिताना नाक बंद असलं तर जीव घुसमटतो. मी नाकाचं टोक हलकेच दाबलं, तर मधला पडदा एका बाजूला कलंडला. नुसतं चेपलेलं नाक असं करत नाही. पडदा जागेवरून सरकला होता.

"रत्नम्मा, वाटी ठेवा. लातूरला जायचं."

एस.टी. दुपारी होती. पाण्याचा रिकामा टँकर मात्र लातूरलाच निघाला होता. ड्रायव्हर संगप्पानं आम्हा तिघींना पुढं बसवलं.

"हळू नेऊ का जोरात?"

"जोरात न्या, पण खड्डे चुकवून."

"खड्डे चुकवले तर रस्ताच उरत न्हाई, सिस्टर!"

वाटेत मी नीलाचं काढलेलं दूध बाळाला चमच्यानं थेंब थेंब पाजत राहिले.

लातुरात जिकडंतिकडं नव्या पाट्या. सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर नुकतेच आलेले. त्यांना अजून खोली मिळाली नव्हती, व्हरांड्यातच बाकावर बसून तपासत होते. पोरसवदा माणूस. नाक पाहून म्हणाले, "बरं केलंत, लवकर आणलंत. असा पडदा मी एकदाच बसवलाय, तोही सर शेजारी उभे असताना."

"आज मी उभी आहे," मी म्हटलं.

ते हसले. मी बाळाचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. त्यांनी बोथट, चपटी सळई नाकपुडीत सरकवली.

"लोखंड घालायलाव का लेकराच्या नाकात?" रत्नम्मा ओरडली.

डॉक्टरांनी पडदा अलगद उचलला, बाहेरून बोटानं मधोमध आणला. माझ्या तळव्याला बारीकसं 'टक्' जाणवलं. पोरीनं असा टाहो फोडला की पलीकडचे कारकून धावत आले.

मग नीलानं तिला पदराखाली घेतलं. मी घोट मोजू लागले. एक घोट, दोन, पाच... पोर थांबेचना. डॉक्टरांनी बाकावर बसून कपाळ पुसलं.

"मग तेल कवा लावू?" रत्नम्मानं विचारलं.

"अंगाला रोज लावा, आजी. नाकाला बोटसुद्धा नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

परतीला टँकर भरलेला, म्हणून सावकाश चाललेला. सकाळपासून एक शब्द न बोललेली नीला खाली वाकून म्हणाली, "सिस्टर, ऐका की, किती आवाज करून पितीय!" आणि खुदकन हसली.