खिडकीतल्या बाईचा हात

आमच्या संग्रहालयात मध्य आशियातलं एक चांदीचं ताट आहे, हजारेक वर्षांपूर्वीचं. ताटावर किल्ल्याला वेढा पडलाय. खाली घोडेस्वार, तटावर कर्णे फुंकणारे, आणि मधल्या खिडकीतून हात बाहेर काढून उभी असलेली एक बाई. त्या हातात काय आहे, यावरून माझं आणि माझ्या नणंदेचं वीस वर्षं वाजतंय.

वन्सं माझ्याच विभागात, मला तीन वर्षांनी सीनियर. मी म्हणते, हातात किल्ली आहे; बाई किल्ला शत्रूच्या हवाली करतेय. वन्सं म्हणतात, पाव आहे. आत धान्य भरपूर आहे हे दाखवायला ती तो शत्रूच्या डोक्यात घालतेय. दोघींनी एकेक निबंधही छापलाय. वन्सं शेजारच्याच दारात राहतात, जेवायला आमच्याकडे. ताटावर बसून पाव मागायची माझ्या नवऱ्याची छाती होत नाही, आणि किल्ली हरवली तर तो मुकाट्याने कुलूप फोडतो.

त्या दिवशी चारपर्यंत नव्या दालनाची पाटी छापायला द्यायची होती. पाटीवर एकच अर्थ मावणार होता. हरणारीला निवृत्त होईपर्यंत रोज त्या पाटीसमोरून जावं लागणार होतं.

ताटाची सफाई बोळेबाई करत होती. कापसाच्या इवल्या बोळ्यांनी ती तासन् तास जुन्या वस्तू पुसते, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव.

"ताई, हातातलं निघतंय," ती म्हणाली.

"काय निघतंय?" आम्ही दोघी ओरडलो.

"हातात आहे ते. चांदी नाहीये ही. वाळलेलं पॉलिश आहे. कुणीतरी ताट घासलं आणि पुसायचा कंटाळा केला."

भिंगाखाली हात स्वच्छ रिकामा होता. साप साप म्हणून आम्ही वीस वर्षं भुई धोपटली होती.

वन्संनी ताटाचं नोंदकार्ड काढलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नोकरीचा पहिला आठवडा, नुकतंच खोक्यातून निघालेलं ताट आणि साहेबांवर छाप पाडायची घाई, सगळं आठवलं. 'सफाई केली' याच्यापुढे माझीच सही होती, खाली दोन ऐटबाज ठिपके.

"मीच ती, वन्सं," मी म्हणून टाकलं. "मला फार लाज वाटतेय."

"म्हणजे तुझा आळस मी वीस वर्षं पाव म्हणून जगाला वाढला!" वन्सं बोळेबाईकडे वळल्या. "परत भरता येईल का गं?"

"नाही!"

साडेतीन वाजले. वन्संनी कार्ड परत जागेवर ठेवलं. मला एकाएकी भीती वाटली. आता वन्संशी बोलायचं काय? इतक्या वर्षांत आम्ही दुसरं काही बोललोच नव्हतो.

मी भिंग उचललं. "हात रिकामा आहे, म्हणजे ती त्यांना 'या' म्हणतेय."

वन्सं ताठ झाल्या. "उचलली जीभ लावली टाळ्याला! 'चालते व्हा' म्हणतेय ती."

"तळवा बघा ना, वन्सं!"

"तू अंगठा बघ, अंगठा!"

माझ्या जिवात जीव आला. पाटीवर शेवटी 'खिडकीत एक बाई' एवढंच छापलं.

संध्याकाळी घरी पोचलो, तर नवरा खिडकीतून हात हलवत होता. आम्ही दोघी फाटकाशीच थांबलो आणि त्याचा अंगठा निरखायला लागलो.