राजाच्या डाव्या पायातला मोजा

मित्रांनो, मी एक जुना मोजा आहे, आणि तोही डावा. नाक मुरडू नका. राजे सिगवाल्ड यांच्या कारकिर्दीवर जाडजूड पुस्तके निघाली आहेत, पण ती लिहिणाऱ्यांपैकी एकही जण राजाच्या बुटात उतरला नव्हता. मी एकतीस वर्षे तिथेच होतो.

राज्याभिषेकाच्या आधीच्या हिवाळ्यात राणी दाग्नी यांनी मला करड्या लोकरीतून विणले. विणकाम त्या माळ्याच्या बायकोकडून नुकत्याच शिकत होत्या. माझा उजवा भाऊ आधी झाला, तो नीट झाला. माझ्या वेळी त्या गप्पांत रंगल्या आणि मी चार बोटे लांब झालो. राजेसाहेबांनी मला पायात चढवून पाहिले आणि राज्याभिषेकाला हाच जोड घालणार, असे जाहीर केले. त्या दिवशी मुकुटाला टाळ्या मिळाल्या. थंडगार फरशीवर तीन तास पाय कोणी ऊबदार ठेवले, हे कुणीही विचारले नाही.

राजाचे काम म्हणजे मुख्यतः ऐकणे. संसदेत, कारखान्यांत, नव्या पुलांवर लोक बोलत आणि राजेसाहेब गंभीर चेहऱ्याने ऐकत. राजा बोले, दळ हाले, असे म्हणतात. आमच्याकडे मंत्री बोले आणि राजाचा अंगठा हाले. बुटाच्या आत, कुणाला न दिसता, तो माझ्या टोकाला घासत राही. त्यामुळे मला पडलेले भोक हे एकट्या राजेसाहेबांचे पाप नाही. त्यात चार पंतप्रधानांचा हातभार आहे. एका अर्थमंत्र्याने तर एकाच दुपारी मला आरपार केले होते.

भोक पडले की राणीसाहेब मला मांडीवर घेत आणि विचारत, "आज कोण बोललं एवढं?" राजेसाहेब नाव सांगत, मग दोघेही हसत. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते.

मग राणीसाहेब गेल्या. त्यानंतर राजेसाहेबांनी मला कुणालाही रफू करू दिले नाही. कपडे सांभाळणाऱ्या हालवर्डने मला तीनदा कचऱ्याच्या टोपलीत टाकले आणि तिन्ही वेळा राजेसाहेबांनी स्वतः वाकून बाहेर काढले. भाषण असले की पायात मीच. अशी सात वर्षे गेली. भोक वाढत गेले, अंगठा पुरता बाहेर आला, आणि आता एक धागा टाचेकडे निघाला होता. तो टाचेपर्यंत पोहोचला की मी संपलो, हे मला कळत होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या उन्हाळ्यात आम्ही ग्रोशेर बेटावर नव्या धक्क्याचे उद्घाटन करायला गेलो. पाऊस पडत होता आणि घोट्यापर्यंत चिखल होता. टोरबोर्ग नावाच्या विधवेच्या घरी कॉफीचा कार्यक्रम ठेवला होता. दरबाराच्या कारभाऱ्यांनी तिला आधीच पत्र धाडले होते, की राजेसाहेबांना बूट काढायला सांगू नये. टोरबोर्गबाईंनी पत्र वाचले, त्यावर कॉफीची किटली ठेवली आणि दोन दिवस वाळूने लाकडी जमीन घासली. मित्रांनो, आमच्या देशात पाद्री असो की नवरदेव, बूट घालून कुणी कुणाच्या घरात शिरत नाही.

राजेसाहेब दारात थांबले. आत अख्खे बेट मोज्यांवर उभे होते. टोरबोर्गबाईंनी आधी बुटांकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"चिखल राजाचा असला, तरी पुसायचा मलाच ना," त्या म्हणाल्या.

कारभारी खोकले. राजेसाहेबांनी निमूटपणे उजवा बूट काढला. माझा भाऊ नवरदेवासारखा झळकला. मग ते डाव्या बुटाशी अडले आणि बराच वेळ एका पायात बूट घालून उभे राहिले. एवढा घाम त्यांना युद्धाच्या वाटाघाटीतही फुटला नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. शेवटी बूट निघाला. अंगठा साऱ्या बेटाला दिसला. सगळे लोक एकदम छताकडे पाहू लागले.

टोरबोर्गबाईंनी मात्र अंगठ्याकडेच पाहिले आणि कोणत्याही पुरुषाला विचारावे तसे विचारले, "बायको घरी नाहीये वाटतं?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आले. राणीच्या अंत्ययात्रेला त्यांनीही काळा रुमाल बांधला होता.

"सात वर्षं झाली," राजेसाहेब म्हणाले.

"आणि कुणी टाका नाही घातला?"

"मीच घालू दिला नाही. हे तिच्या हातचं आहे, बाई. वर दुसऱ्याचा हात नको वाटतो."

"तसा ठेवलात तर यंदाच्या हिवाळ्यात तिचंही काही उरायचं नाही," टोरबोर्गबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. "आणा इकडे."

राजेसाहेबांनी मला काढले, क्षणभर मुठीत धरले आणि देऊन टाकले.

घरात करडी लोकर नव्हती. टोरबोर्गबाई आतल्या खोलीत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक लाल स्वेटर होता.

"आमच्या अस्लाकचा, माझ्या नवऱ्याचा. समुद्रात गेला तेव्हा हा घरी राहिला," त्या खाली बघत म्हणाल्या. "मीही कुणाला हात लावू दिला नव्हता. आता बाही बघा, कसरीने खाल्लीय. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातं."

त्यांनी चांगल्या बाहीचा धागा उसवला आणि मला रफू केले. राजेसाहेब उघड्या पायाने बसून मुरंबा लावलेले वॅफल खात होते आणि लांबलचक भाषणांत अंगठा कसा घासत राहतो, ते सांगत होते. राजाचा एक पाय उघडा असताना उभे राहावे की बसावे, हे कारभाऱ्यांच्या नियमावलीत नव्हते. त्यामुळे ते बिचारे अर्धवट वाकून राहिले.

"आज कोण बोललं एवढं?" सुई ओढता ओढता टोरबोर्गबाईंनी सहज विचारले.

राजेसाहेबांच्या हातातले वॅफल तसेच राहिले. मग ते हसू लागले. सात वर्षांत मी ते हसू ऐकले नव्हते.

"तुमचे बंदरमंत्री," ते म्हणाले.

त्यानंतर नऊ वर्षे अंगठा त्या लाल ठिगळाला घासत राहिला, पण बेटावरच्या टाक्यापुढे एकाही मंत्र्याचे चालले नाही. आता राजेसाहेब नाहीत. आम्ही दोघे भाऊ संग्रहालयात काचेखाली असतो. खाली पाटी आहे: 'डाव्या मोज्यावरील लाल भाग हे राजघराण्याचे गुप्त चिन्ह असावे.' विद्वानांनी त्यावर एक लेखही लिहिला आहे.

मागच्या हिवाळ्यात एक मध्यमवयीन बाई आपल्या लेकीला घेऊन आली. तिने पाटी वाचली आणि इतकी हसली की पहारेकरी धावत आला. मग तिने लेकीचे हातमोजे काढून काचेवर ठेवले. लाल होते. उरलेल्या स्वेटरचे टोरबोर्गबाईंनी साऱ्या नातींना हातमोजे विणले होते; ही त्यांतलीच एक, आणि तिचे लहानपणचे हातमोजे आता लेक घालत होती.

मित्रांनो, जपणे म्हणजे पेटीत ठेवणे नव्हे. आवडत्या माणसाची वस्तू फाटली, तर तिला टाका घाला, आणि आपला रंग जुळत नसेल तर दुसऱ्याकडे मागा.

लेकीने विचारले, "आई, हे गुप्त चिन्ह कुणाचं गं?"

"पणजोबांच्या बाहीचं," ती म्हणाली. "चल, हातमोजे घाल. थंडी आहे."