कोळशाचा डबा

मिसेस एकलुंडना गाडीच्या पेट्रोलचा वास यायचा, आणि तो येत नाही असं अकरा वर्षं त्यांना मीच सांगत होतो.

त्या आमच्या टर्लॉक गावच्या शाळेत संगीताच्या बाई. माझ्या दोन्ही मुली त्यांच्याकडेच पियानो शिकल्या. त्यांची एकोणऐंशी सालची स्टेशन वॅगन घराला लागूनच असलेल्या बंद शेडमध्ये उभी असायची आणि दुरुस्तीला माझ्या गॅरेजात यायची.

"डिनिस, पार स्वयंपाकघरापर्यंत वास येतो रे," त्या म्हणायच्या.

मी बॉनेट उघडून डोकावल्यासारखं करायचो. "बाई, गाडी ठणठणीत आहे. नाक दाखवून या कुणाला तरी!"

गॅरेजातली माणसं हसायची. त्याही हसायच्या. पुढे पुढे त्या हसेनाशा झाल्या. त्यांच्या आईला म्हातारपणी भ्रम झाला होता, आणि त्याची सुरुवात नसलेले वास येण्यानंच झाली होती. हे मला ठाऊक होतं, आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बाईंनी शिकवण्या सोडल्या. डॉक्टरांकडे जाऊन स्मरणशक्तीच्या चाचण्या देऊन आल्या. सॅक्रामेंटोला राहणाऱ्या मुलीनं, कॅरिननं, त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली.

त्या वर्षी मी गॅरेज विकलं. गाडीची दर दोन वर्षांनी होणारी धुराची तपासणी पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाकडे गेली, आणि गाडी नापास झाली. बाई कागद घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"काहीतरी जोडलेलंच नाही म्हणतो तो मुलगा. बघतोस का जरा?"

काय जोडलेलं नाही ते मला कागद न वाचताच कळलं. टाकीतून आणि कार्ब्युरेटरमधून उठणाऱ्या पेट्रोलच्या वाफा धरून ठेवायला अशा गाड्यांत कोळशाचा एक डबा असतो. इंजिन चालू झालं की ते त्या वाफा ओढून घेऊन जाळतं. पंच्याऐंशी साली ही गाडी उभ्या उभ्या आचके द्यायची. खरं कारण शोधायला मला वेळ नव्हता. मी तो डबा काढून फेकला, इंजिनाकडची नळी बोल्ट ठोकून बंद केली आणि बाकीच्या दोन तशाच लोंबत सोडल्या. आचके थांबले. सरकारनं लादलेला कचरा, असं तेव्हा आम्ही सगळेच म्हणायचो. नंतर दर तपासणीला 'यंत्रणा जागेवर आहे' असं लिहून त्याखाली सही मीच करत आलो.

बॉनेट उघडलं. माझाच बोल्ट, गंजलेला. नळ्यांच्या तोंडाशी नाक नेलं तर डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"नळ्या कुजल्यात," मी म्हणालो. तेवढंच.

भंगारवाल्याकडून त्याच जातीच्या गाडीचा धड डबा शोधून आणला. बॉनेटच्या आत चिकटवलेल्या नळ्यांच्या नकाशावर बोट ठेवत तिन्ही नळ्या नव्या घातल्या: एक टाकीची, एक कार्ब्युरेटरची, एक इंजिनाच्या ओढीची. आचक्यांचं कारणही सापडलं. कार्ब्युरेटरच्या बुडाचं रबर चिरलं होतं आणि तिथून जादा हवा शिरायची; डब्याच्या नळीतली हवा बंद झाली म्हणून तेव्हा नुसतं भागलं होतं. तासाभराचं काम. अकरा वर्षांपूर्वीही तासाभराचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेलो. बाई शेडमध्ये गाडीजवळ उभ्या होत्या.

"डिनिस, आज काहीच वास येत नाही," त्या म्हणाल्या. "आता नाकही गेलं बघ माझं. आईचंही शेवटी असंच झालं होतं."

आता गप्प बसणं मला शक्यच नव्हतं. मान खाली घालून सगळं सांगितलं. डबा, बोल्ट, सह्या.

त्या म्हणाल्या, "म्हणजे वास होता."

"होता, बाई."

"आणि तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं. कळूही शकलं असतं. मी कधी धड बघितलंच नाही. बघितलं असतं तर माझी चूक कबूल करावी लागली असती."

त्या आत गेल्या, फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "कॅरिन आहे. मला सांगितलंस ते तिला सांग. एक शब्द गाळू नकोस."

सांगितलं. कॅरिन म्हणाली, "दोन महिने मी आईला समजावत होते, की वास तिच्या डोक्यात आहे. तुमच्या शब्दावर!" ती रडत होती.

गाडी तपासणीत पास झाली. वृद्धाश्रमाची खोली कॅरिननं सोडून दिली. बाईंनी नव्या दोन मुली पियानो शिकवायला घेतल्या. गाडी मात्र त्या आता तपासणीवाल्या त्या मुलाकडेच नेतात. रस्त्यात भेटलो तर हात करतात. मीही करतो, पण त्यांच्या डोळ्याला डोळा देववत नाही.