रामजीच्या छातीतला कळप

पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या रामजीला मद्रासच्या इस्पितळात परक्याचं काळीज बसवलं, ते दोन हजार तीन साली. महाडहून माझ्याच जीपने तो घरी गेला. नवं काळीज इतकं दणदणत होतं की इंजिन बंद पडलं तरी जीप वाडीचा चढ चढून गेली. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला, अंबूबाईला विचारा. ती मागेच बसली होती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जन्मभर चुकवू नका म्हणून बजावलं. वर्षभर त्याने घेतल्या. पण रामजी पडला म्हशींतला माणूस. गोठ्यात नवी म्हैस आली की जुन्या तिला शिंगांवर घेतात. म्हणून पंधरा दिवस तिच्या अंगाला त्याच गोठ्यातलं शेण चोळायचं. वास एक झाला की कळप तिला आपली म्हणतो आणि चोळणं थांबतं.

"वरीस झालं, गनीभाय," तो मला म्हणाला. "आता ते माझ्याच गोठ्यातलं हाय."

आणि अंबूबाईच्या नकळत गोळ्या वळचणीला खोचू लागला.

मग दुपारी डोळा लागला की त्याला एकच स्वप्न पडे. डोंगरभर धुकं, धुक्यात एक पांढरी म्हैस. वरून एक जुनी म्हैस हाक घाली, दरीतून दुसरी उत्तर देई, आणि चहूकडून शिंगं वर येत.

विसाव्या दिवशी पाय सुजले, धाप लागली. मी त्याला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की रक्तातल्या राखणदार पेशी परकं दिसलं की बारीक प्रथिनं सोडतात. ती म्हणजे हाळीच. ती ऐकून बाकीच्या धावतात आणि काळजावर तुटून पडतात. गोळी फक्त हाळी देणारीच्या तोंडावर हात ठेवते.

रामजीने त्यांना नव्या म्हशीला शेण चोळण्याचं सांगितलं आणि विचारलं, "पन वास कधी एक होनार, बाई?"

"कधीच नाही. म्हैस विसरते, रक्त विसरत नाही."

काळीज वाचलं, पण जायबंदी झालं. म्हशींमागे रानात जाणं सुटलं. आता अंबूबाई सकाळ-संध्याकाळ गोळी त्याच्या जिभेवर ठेवते, वर "आ करा" म्हणून तपासते.

स्वप्न अजून पडतं. कळप कड्यावर उभा असतो, तोंडं उघडी, आवाज नाही. खाली पांढरी म्हैस चरते, तिच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजते. मी त्याच्या छातीला कान लावून ऐकलीय. तेवढा वेळ गोठ्यातल्या म्हशी रवंथ थांबवतात.