रेडिओचं लायसन

“लायसन? आता कसलं मढ्याचं लायसन?” शालूबाईंचा आवाज मंगळवार पेठेतल्या त्या बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. “सरकारनं कवाच बंद केलं की त्ये! आणि तुमास्नी मी वळखत न्हाय व्हय? माझा रेडिओ उचलून नेल्याला मुडदा तुम्हीच न्हवं?”

अण्णासो दारातच उभे राहिले. खांद्याला खाकी पिशवी, शर्टाच्या खिशावर जुना पितळी बिल्ला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिव्या खायची सवय उरली नव्हती, पण शिवी खरी होती. सत्तावीस वर्षांपूर्वी याच घरातून त्यांनी रेडिओ जप्त केला होता. ते पोस्टात रेडिओ लायसन इन्स्पेक्टर होते. तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर वर्षाची फी पोस्टात भरायची आणि लायसनच्या पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यायचं, असा कायदा होता. लोक फी चुकवायला रेडिओ कणगीत लपवत, गोधड्यांखाली ढकलत. अण्णासो वाद घालत नसत. सापडलेल्या रेडिओवर नुसता तळवा ठेवत. व्हॉल्व्हचे रेडिओ ते, बंद केले तरी बराच वेळ गरम राहत. “सा महिनं झालं, बंदच हाय वो,” असं घरधनीण देवाची शपथ घेऊन सांगत असायची आणि तळव्याखाली रेडिओ आत्ताच उतरवलेल्या भाकरीएवढा गरम लागायचा.

त्या बिल्ल्याचा आणखी एक गुण होता. याच पेठेत त्यांच्या वडिलांच्या ओंजळीत लोक पाणीसुद्धा वरून ओतत. बिल्ला लावलेले अण्णासो मात्र सरळ माजघरात जात, आणि नको म्हणायची कुणाची छाती नसे. पाठीमागून गोमूत्र शिंपडत असतील तर शिंपडोत बापडे, असं ते हसत सांगायचे. त्या हसण्यात हसू कमीच असायचं.

“जुनं सोडा, बाई,” ते म्हणाले. “ह्ये सक्तीचं न्हाय. एक तारखेपासनं रेडिओवरचा दुपारचा हितला कार्यक्रम बंद करणार हायत, सगळं मुंबईसनं येणार. लोकांनी घरटी धा रुपयं दिलं तर केंद्राचं उत्पन्न दिसंल.”

शालूबाईंचा पदर सावरणारा हात थांबला. “म्हंजे ‘माजघर’ बंद? ती बाई पत्रं वाचती त्ये?”

“व्हय.”

“आगं बया! बुधवार-शनवार तिचा आवाज ऐकल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय.” त्या आत गेल्या आणि पदराच्या गाठीतली नोट सोडत बाहेर आल्या. “घ्या. पर रेडिओ न्हेल्याला इसरल्याली न्हाय मी, सांगून ठिवते.”

ती बाई आपलीच लेक आहे, हे अण्णासोंनी सांगितलं नाही. लेकीसाठी मागितलं की ती भीक झाली. ही फी होती.

संघप्रिया चौदा वर्षं शहरातल्या रेडिओ केंद्रावर निवेदिका होती. कायम नव्हे, बोलावतील त्या दिवसाचे पैसे, ना पेन्शन, ना रजा. नवरा गेल्यावर घर तेवढ्यावरच चाललं होतं. आता वय त्रेचाळीस, म्हणजे दुसरीकडे कोण उभं करणार? कार्यक्रम बंद होणार असं कळलं तेव्हा ती अधिकाऱ्यांकडे गेली होती. ते वैतागून म्हणाले, “बाई, केंद्राचं उत्पन्न दाखवा, मग बघू.” म्हणजे काय, तर जाताना दार लावून घ्या. कोणालाही कळलं असतं. पण अण्णासोंनी साऱ्या नोकरीत वरिष्ठांचं वाक्य हुकूम म्हणूनच ऐकलं होतं. पंच्याऐंशी साली लायसन रद्द झालं तेव्हा उरलेली कोरी पुस्तकं कोणी परत मागितली नव्हती. ती त्यांच्या ट्रंकेत होती. लेक कामावर गेल्यावर त्यांनी ती बाहेर काढली, बिल्ला चिंचेनं घासला आणि चालायला लागले.

आठ दिवस ते हिंडले. राजारामपुरीत हंबीरराव नावाच्या दुकानदारानं त्यांना उन्हात उभं करून बाजार जमवला. “केबलला म्हयन्याला दीडशे मोजतोय मी. शंभर च्यानल. तुमचा रेडिओ ऐकत न्हाय, तर त्येचं पैसं मी का भरू?”

“घरपट्टीत रस्त्यावरच्या दिव्याचं पैसं भरता न्हवं?” अण्णासो म्हणाले. “सगळ्या दिव्यांखालनं तुम्ही जातासा व्हय? ज्येला केबल परवडत न्हाय त्येच्या घरात कोण बोलणार?”

“त्ये सरकारनं बघावं की!”

“सरकार म्हंजे कोण, पावणं?”

लोक हसले. हंबीररावांना ते हसू लागलं. “आधी ह्ये सांगा, ह्यो बिल्ला आता चालतोय का?” त्यांनी विचारलं. अण्णासोंनी पिशवी खांद्यावर सारखी केली आणि पुढचं दार गाठलं. तिथंच थांबायला हवं होतं, पण पुढच्या शनिवारी शेवटचा ‘माजघर’ होता आणि मरता काय न करता!

मंगळवारी ते त्रेचाळीस भरलेली पुस्तकं आणि पैसे घेऊन केंद्रावर गेले. प्रत्येक पुस्तकात नाव, पत्ता, सही, अक्षर मोत्यासारखं. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यांनी पुस्तकं चाळली, चष्मा काढला, डोळे चोळले.

“हे मी हिशेबात कुठल्या हेडखाली जमा करू, अण्णा? असं हेडच नाही आता. एक रुपया घेतला तरी माझी चौकशी लागेल.”

“मग नवीन हेड काढा की, सायेब. लोक द्यायला तयार हायत.”

“ते दिल्लीनं काढायचं असतं.” त्यांनी खणातून एक कागद काढून समोर ठेवला. राजारामपुरीतून आलेली तक्रार होती. निवेदिकेचे वडील बोगस लायसन देऊन केंद्राच्या नावावर पैसे गोळा करतात. “पोलिसांत जाऊ नका म्हणून मी त्यांना हातापाया पडून सांगितलंय. सगळ्यांचे पैसे परत करा. आणि संघप्रियाताईंना... उद्या आणि शनिवारी मला बोलावता येणार नाही. माझा नाइलाज आहे.”

अण्णासोंना ते वाक्य आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते खुर्चीतून उठले होते आणि खुर्चीची पाठ धरून उभे होते. “सायेब, गुन्हा माझा हाय. पाया पडतो तुमच्या. शनवार तेवढा द्या तिला.” ते खरंच वाकले. अधिकाऱ्यांनी त्यांना धरून उभं केलं, पाणी दिलं, पण शनिवार दिला नाही.

घरी संघप्रियाला सगळं आधीच कळलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“अण्णा, काय केलासा हे?” ती हळूच म्हणाली. “नोकरी जाणारच होती. त्येचं मला काय न्हाय. चौदा वरसं बोलले त्या बायांशी. शनवारी पाच मिनिटं निरोप घ्यायचा हुता. तेवढंच मागितलं हुतं मी.”

अण्णासो भिंतीला टेकून बसले. कायदा मोडून दुसऱ्यांनी लपवलेलं ते आयुष्यभर शोधत आले होते. म्हातारपणी स्वतःच्या लेकीचं तोंड त्यांनी स्वतः बंद केलं होतं. जीव द्यावा असं त्यांना वाटलं. पण त्रेचाळीस घरांचे पैसे द्यायचे बाकी होते.

बुधवारपासून ते घरोघर फिरले. कोणी नोट मोजून घेतली, कोणी दार अर्धंच उघडलं. शालूबाईंचं घर त्यांनी शेवटाला ठेवलं होतं. पोचले तेव्हा शनिवारचे साडेबारा वाजून गेले होते. बिल्ला खिशावर नव्हता.

“दारात का उभं ऱ्हायलासा? आत या,” शालूबाई म्हणाल्या, आणि त्यांना माजघरात नेऊन बसवलं. फळीवर रेडिओ वाजत होता. तोच जुना, दंड भरून सोडवून आणलेला. त्यावर एकामागून एक गाणी लागली होती. “मघाधरनं गाणीच लावल्यात. बुधवारीबी ती बाई न्हवती. आजारी-बिजारी हाय का काय?”

अण्णासोंनी दहाची नोट पुढं ठेवली. “ती माझी लेक हाय, बाई. माझ्यामुळं तिला काढलं.” आणि त्यांनी सगळं सांगितलं.

शालूबाईंनी नोटेकडे बघितलंही नाही. त्यांनी विचारलं, “आज काय सांगणार हुती ती?”

अण्णासोंनी तोंड उघडलं. गेले कित्येक दिवस संघप्रिया कागदावर काहीतरी लिहीत, खोडत बसायची. ते त्यांनी रोज बघितलं होतं. विचारलं कधीच नव्हतं.

“म्हाईत न्हाय,” ते म्हणाले.

शालूबाई उठल्या आणि त्यांनी रेडिओ बंद केला. चहा ठेवायला त्या आत गेल्या. अण्णासो उठून फळीपाशी आले आणि जुन्या सवयीनं त्यांनी रेडिओवर तळवा ठेवला. तो गरम होता. पुरता गार होईपर्यंत त्यांनी हात उचलला नाही.